पावसाळ्यात तबला सुरात का राहत नाही, आणि एसी नाट्यगृहात काय करावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कांदिवलीच्या एका हौशी ग्रुपमध्ये तबल्याची साथ करता. आषाढीच्या अभंगांच्या कार्यक्रमाला घरून काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या सुराला) चोख लावून नेलेला तबला पार्ल्याच्या एसी नाट्यगृहात पहिल्या दोन अभंगांतच जवळजवळ अर्धा सूर चढला. तो तुम्ही ठोकून खाली आणलात. मध्यंतरात तबला विंगेत, मागच्या उघड्या दाराजवळ ठेवला होता. पुन्हा बसलात तेव्हा तो पार उतरलेला, आणि गायकांनी सगळ्यांसमोर मागे वळून पाहिलं. शेजारी बसलेल्या मित्राचं जेंबे (हाताने वाजवायचा आफ्रिकी ढोल) मात्र पूर्ण कार्यक्रमात जागचं हललं नाही, कारण त्याला प्लास्टिकचं पान आहे. म्हणून तुम्ही विचारताय: तबल्यात दोष आहे का, पुडी (तबल्यावर मढवलेलं कातडं) बदलावी का, की सरळ सिंथेटिक पुडीचा तबला घ्यावा?

मी मुंबईत बरीच वर्षं साथ करतो आणि शिकवतोही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तबल्यात दोष वाटत नाही. उलट चांगली, पातळ, जिवंत पुडीच अशी पटकन चढते-उतरते. जाड, मेलेली पुडी हवेला एवढी दाद देत नाही. पुडी आत्ता, भर पावसाळ्यात, बदलू नका. आणि सिंथेटिकबद्दल खाली सविस्तर लिहितो, पण अभंगाच्या साथीसाठी तरी माझं उत्तर नाही असंच आहे.

‘तबला सूर धरत नाही’ असं तुम्ही म्हणता, पण अडचण वेगळी आहे. तबला एका हवेत लावला गेला आणि दुसऱ्या हवेत वाजला, मग मध्यंतरात तिसऱ्या हवेत ठेवला गेला. प्रत्येक वेळी त्याने त्या त्या हवेप्रमाणे सूर बदलला. हे एकदा नीट समजलं की उरलेलं सगळं नियोजन आहे.

पुडी बकऱ्याच्या कातड्याची. कातडं हवेतला ओलावा ओढून घेतं, पापडासारखं सादळतं, सैल पडतं आणि ओलाव्याने थोडं जडही होतं. ताण कमी आणि वजन जास्त, म्हणजे सूर खाली. कोरड्या हवेत तेच कातडं आक्रसतं, ताण वाढतो, सूर वर. आता हे किती नाजूक आहे बघा. अर्धा सूर, म्हणजे काळी एकवरून पांढरी दोनवर जाणं, हा कंपनसंख्येत जेमतेम ६ टक्क्यांचा फरक आहे: २७७ हर्ट्झच्या आसपासवरून २९४ च्या आसपास. त्यासाठी पुडीवरचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी बदलला की पुरे. जुलैतल्या मुंबईत बाहेरच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि एसी चालू असलेल्या सभागृहात ती बरीच खाली येते. एवढ्या फरकात कातडं अर्धा सूर हललं तर नवल नाही. वाद्याही (पुडी ताणून धरणाऱ्या दोऱ्या) कातड्याच्याच असतात, त्याही सादळतात, पण सावकाश. खोड, म्हणजे तबल्याचं लाकडी भांडं, तर फारच सावकाश. म्हणून पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत जो सूर हलतो तो पुडीचा, आणि तासाभराने जो हळूच पुन्हा सरकतो त्यात वाद्यांचा हात असतो.

तुमच्या ग्रुपमध्ये बासरी आहे असंही तुम्ही लिहिलंय. मग त्या संध्याकाळी तुम्हाला फरक जरा जास्तच जाणवला असणार. बासरी आतल्या हवेवर चालते. हवा थंड झाली की आवाजाचा वेग घटतो आणि बासरी उतरते. १० अंशांच्या फरकाला हिशेबाने जवळजवळ अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा. वाजवणाऱ्याच्या श्वासाने ती थोडी सावरते, पण मधे काही वेळ नुसती ठेवली की पुन्हा गार पडते. म्हणजे एसी सुरू झाला की तबला वर चालला आणि बासरी खाली. पेटीच्या पितळी पत्त्या दोघांच्या मधे जवळपास जागच्या जागी. गायकाला ऐकू येतं ते हे तिन्हींमधलं अंतर, आणि तो वळून बघतो तबलजीकडे, कारण तबल्याचा ‘ना’ हा बोल सर्वांत टोकदार असतो. त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. बासरीवाल्या मित्रालाही सांगा की पहिल्या तुकड्याआधी विंगेत दोन मिनिटं बासरीत श्वास भरत राहा.

आता काय करावं. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे: सभागृह कुठलं, किती आधी मिळतं, एसी कोणाच्या हातात, तुमची पुडी किती जुनी, तबल्याचं तोंड (वरच्या बाजूची रुंदी) केवढं. मी काय करतो ते सांगतो, त्यातलं तुमच्या सोयीचं घ्या.

पहिली गोष्ट, घरून तबला पट्टीत लावून नेण्याचा हट्ट सोडा. पावसाळ्यात घरी लावलेल्या सुराला सभागृहात काही अर्थ उरत नाही. घरी मी फक्त तबला सगळ्या बाजूंनी सारखा आहे ना एवढं बघतो, आणि हव्या त्या पट्टीपेक्षा थोडा खालीच ठेवून निघतो. हे ‘खाली’ महत्त्वाचं आहे. दमट हवेत सादळलेली पुडी ठोकून ठोकून काळी एकला चढवली आणि तशीच एसीत नेली, तर कातडं आक्रसताना आधीच्या ताणावर आणखी ताण चढतो. पुडी फाटते ती बहुतेक अशीच, गजऱ्याच्या (पुडीभोवतीच्या कातडी वेणीच्या) आतल्या कडेला, कुणी हातही न लावता. पावसाळ्यात माझ्याकडे फाटलेल्या पुड्या घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की तबला कुठे लावला होता आणि कुठे वाजवला.

दुसरी गोष्ट, सभागृहात पोहोचल्यावर तबला पिशवीतून काढून, पुडीवरचं कापड बाजूला करून, ज्या जागी तुम्ही बसणार आहात त्याच जागी ठेवा. ग्रीनरूममध्ये नाही, विंगेत नाही. मिळेल तेवढा वेळ त्याला तिथली हवा लागू द्या. अर्धा तास तरी हवाच, तास मिळाला तर उत्तम. मुंबईत हे बोलणं सोपं आणि मिळणं अवघड, याची मला कल्पना आहे. दुपारचं नाटक संपून नेपथ्य उतरेपर्यंत तुमच्या हातात स्टेज येत नाही, आणि आलं की साउंडवाल्याच्या वायरी. तरीही ग्रुपमधल्या एकाने आधी जाऊन तबला, डग्गा आणि पेटी तेवढी स्टेजवर मांडून ठेवायची, अशी पद्धत पाडून घ्या. माणसं नंतर आली तरी चालतात.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि मला वाटतं तुमची खरी फसगत इथेच झाली. साउंड चेकच्या वेळी बऱ्याच नाट्यगृहांत एसी बंद असतो, किंवा फक्त पंख्यावर असतो. प्रेक्षक आत यायला लागले की तो पूर्ण सुरू होतो. म्हणजे साउंड चेकला तुम्ही तबला ज्या हवेत लावता ती हवा कार्यक्रमात असणारच नाही. त्यात वरून दिवे. जुने हॅलोजन असले तर पुडी त्यांच्या झोतात आणखी तापते. एलईडी आल्यापासून तो त्रास बराच कमी झालाय. म्हणून आयोजकांना आठवडाभर आधीच सांगा की साउंड चेकपासून एसी कार्यक्रमाला असेल तेवढाच ठेवा. तासाच्या हिशेबाने पैसे लागतात म्हणून पुष्कळदा नकार येतो. नकार आला तर साउंड चेकला तबला अगदी पट्टीत आणू नका, किंचित खाली राहू द्या, आणि पडदा उघडण्यापूर्वी निवेदन चालू असताना शेवटचं सुरात मिळवून घ्या. निवेदकाशी आधीच बोलून ठेवा. पहिल्या दोन अभंगांनंतर त्याने दोन मिनिटं बोलावं, एवढी त्याची मदत पुरते. पहिला चढ तेवढ्यात येऊन जातो.

सूर मिळवण्याबद्दल थोडं तपशिलात लिहितो, कारण घाईत सगळ्यात जास्त गडबड इथे होते. सूर हलला की हात थेट हातोडीकडे जातो आणि जो ठोका वाईट ऐकू आला तिथेच माणूस ठोकत सुटतो. तसं करू नका. अनामिका शाईच्या (पुडीवरच्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकवून, तर्जनीने चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) ‘ना’ वाजवत आधी गजऱ्याभोवती एक पूर्ण फेरी मारा. गजऱ्यावर वाद्यांच्या मधली सोळा घरं आहेत. प्रत्येक घराचा आवाज कानात घ्या, हातोडी खालीच असू द्या. हवेने चढलेला तबला साधारण सगळीकडून सारखा चढलेला असतो. ठोकून चढलेला तसा नसतो. फेरीत कळतं की सगळाच वर गेलाय की दोन घरंच उंच बसलीत. सगळाच वर असेल तर गजऱ्याला खालून वर हलके ठोके, समोरासमोरच्या घरांच्या जोडीने: पहिलं आणि नववं, मग पाचवं आणि तेरावं, मग मधली. एकाच बाजूने फिरत गेलात तर शाई किंचित कलते आणि मग कितीही ठोका, एक बाजू दुसरीशी भांडत राहते. आणि नेहमी हव्या त्या सुराच्या जरा खाली जाऊन मग वरून एक-दोन हलक्या ठोक्यांनी सुरात या. वरून खाली उतरवून तिथेच सोडलेला तबला दोन आवर्तनं जोरात वाजवली की आणखी बसतो. तुमचा मध्यंतरानंतरचा उतार सगळा दाराचा नसावा. थोडा वाटा यालाही द्या.

अर्ध्या सुराहून जास्त काम असेल तर गजऱ्यावर भागवू नका, गठ्ठे (वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे) हलवा. गठ्ठा खाली गेला की ताण वाढतो, वर आला की कमी. आठही गठ्ठे सारखेच सरकले पाहिजेत, तेही समोरासमोर. हे मात्र कार्यक्रमाच्या मधे करायचं काम नाही. ते घरी किंवा साउंड चेकला.

घरं सारखी असण्यावर मी एवढा भर देतो त्यामागे कारण आहे. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी मेळ खात नाहीत, म्हणून बहुतेक ढोलांचा आवाज नुसता ‘धप्प’ असतो, त्याला नेमका सूर नसतो. आपल्या शाईमुळे ते वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे जागेवर येऊन बसतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हेच मांडलं होतं, आणि पुढे १९३४ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. लोहकीस आणि पिठाची खळ मळून, थरावर थर देऊन, दगडाने घोटून शाई चढवणाऱ्या कारागिरांनी हे कानाने आधीच साधलेलं होतं. पण शाईने जागेवर आणलेले ते स्वर ताण एकसारखा असेल तोवरच जागेवर राहतात. एका बाजूला ताण जास्त झाला की तो एकच स्वर दोन किंचित वेगळ्या स्वरांत फुटतो, आणि ‘तिं’ या बोलाची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लहरत जाते. पट्टी मीटरवर बरोबर दिसते, तरी गायकाला तबला बेसूर लागतो, तो यामुळे. म्हणून आधी घरं सारखी करा, पट्टी नंतर. किंचित उतरलेला पण एकसारखा तबला मैफलीत खपून जातो. पट्टीत असलेला पण घरागणिक वेगळा बोलणारा तबला नाही खपत.

मीटरवरून आठवलं. मोबाईलच्या अॅपवर काळी एक बघून तबला लावू नका. तुमच्या ग्रुपची पेटी जिथे आहे तीच तुमची काळी एक. जुन्या पेट्या अॅपच्या थोड्या वर किंवा खाली असतात, आणि पेटी काही स्टेजवर हलणार नाही. पेटीवाल्याला सा धरून ठेवायला सांगा आणि त्याच्याशी कान जुळवा. तानपुऱ्याचं अॅप वापरत असाल तर तेही पेटीला जुळवून घ्या. त्यात सूर बारीक हलवायची सोय असते.

आता तुमच्या तबल्याच्या तोंडाबद्दल. तुम्ही मोजमाप दिलेलं नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा प्रश्न आहे. काळी एकसाठी साधारण सव्वापाच ते साडेपाच इंच तोंड सोयीचं पडतं. त्याहून मोठ्या तोंडाचा, पांढरी एकला किंवा त्याखाली सुखाने वाजणारा तबला ओढूनताणून काळी एकला आणलेला असेल, तर पुडी आपल्या ताणाच्या टोकाला पोहोचलेली असते. हवा कोरडी झाली की तिला जायला जागा नसते आणि सूर एकदम उडी मारतो. उलट लहान तोंडाचा तबला सैल करून खाली आणलेला असेल तर दमट हवेत तो थेट कोसळतो. दोन्ही प्रकारांत माणूस पुडीला दोष देतो. तुमच्या पट्टीला तबला गठ्ठे मधोमध असताना यायला हवा, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे वाव राहतो. हे आज घरीच तपासता येईल.

ग्रुपमध्ये गायिकाही आहेत म्हणता, त्यांची पट्टी काळी चार. त्यांच्यासाठी वेगळा तबला लागेलच असं नाही. काळी चारच्या सा चा मध्यम (म) काळी एकवरच येतो आणि पंचम (प) काळी दोनवर. म्हणजे अभंगाच्या चालीत मध्यम ठळक असेल तर तुमचा हाच तबला न हलवता चालेल. मध्यम वर्ज्य असलेला राग असेल, भूपासारखा, तर मात्र पंचमाचा लावा, आणि त्यासाठी लहान तोंडाचा दुसरा तबला हवा. कार्यक्रमाच्या मधे एकच तबला काळी एकवरून काळी दोनवर ठोकत नेणं पावसाळ्यात करूच नये. गाण्यांचा क्रम ठरवताना गायक-गायिकांना हे सांगा. एका पट्टीची गाणी एकत्र आली तर अर्धा त्रास तिथेच संपतो.

शक्य असेल तर पावसाळ्यात दोन तबले न्या, दोन्ही एकाच पट्टीचे, आणि दोन्ही सुरुवातीपासून स्टेजवर उघडे ठेवा. सुटकेसमध्ये झाकून ठेवलेला राखीव तबला काढला की त्याची हवेशी नव्याने ओळख सुरू होते, मग त्याचा उपयोग काय. दोन तबले आणि डग्गा घेऊन संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चढणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. तरी जमवाच, निदान मोठ्या कार्यक्रमाला.

मध्यंतराचं सांगतो. तबला जागेवरून उचलायचाच नाही. कोरडं सुती कापड पुडीवर टाकून तिथेच राहू द्या. तुमच्या बाबतीत झालं ते असं: एसीत गार झालेली पुडी उघड्या दाराच्या दमट हवेत गेली, आणि एसीतून बाहेर पडल्यावर चष्म्यावर जसा दव धरतो तसा तिच्यावर ओलावा धरला. नुसत्या दमट हवेने पुडी सावकाश सादळते, पण गार पुडीवर पाणी धरलं की पाच-दहा मिनिटांत उतरते. डग्ग्याचं भांडं धातूचं, ते तर आणखी गार होतं. हाच प्रकार एसी गाडीतून किंवा एसी लोकलमधून उतरून उघड्या मंडपात गेल्यावरही होतो. अशा वेळी पिशवी लगेच उघडायची नाही. आतलं वाद्य बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं, तसंच बंद राहू द्यायचं. म्हणजे एसीत शिरताना लगेच उघडा, एसीतून बाहेर पडताना उशिरा उघडा.

हेअर ड्रायरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. त्याने तबला दोन मिनिटांत चढतो हे खरं. पण तो ओलावा तेवढ्याच वेगाने परत येतो, आणि दुसऱ्याच गाण्यात तबला पूर्वीच्या जागी. शिवाय कातडं आणि शाई एकाच वेगाने आक्रसत नाहीत. गरम झोत शाईवर पडत राहिला की तिच्यातल्या बारीक भेगा मोठ्या होतात, कण सुटतात, आणि एके दिवशी ‘तिं’बरोबर चर्रर्र असा आवाज यायला लागतो. एकदा शाई सुटली की पुडी संपली. अगदीच नाइलाज असेल तर पिवळ्या दिव्याच्या उबेत, हातभर लांबून, लवेला (शाई आणि चाट यांच्या मधल्या कातड्याला) ऊब लागेल असा ठेवा, झोत नको.

आता जेंबेचा मुद्दा. तुमच्या मित्राचं वाद्य हललं नाही हे बरोबर, पण त्यावरून तबल्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. जेंबे मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, माली-गिनी भागातलं, आणि तिथे त्यालाही बकऱ्याचंच कातडं असतं. कातड्याच्या वाद्यांचा हा झगडा जगभर आहे. इजिप्तमध्ये रिक आणि दरबुका माशाच्या कातड्याने मढवायची परंपरा आहे आणि वाजवणारे ते दिव्याच्या उबेवर धरून चढवतात. आयर्लंडचा बोधरान कोरड्या हवेत फार चढला की वादक आतून पाण्याचा हात फिरवून त्याला खाली आणतात. आपल्याकडे हलगी आणि डफ शेकोटीवर शेकल्याशिवाय फडात उतरत नाहीत. लॉस एंजेलिसच्या रेमो बेली यांनी १९५७ मध्ये पॉलिएस्टरच्या पडद्यांचा कारखाना काढला आणि ड्रमसेटचा हा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला. आपल्या ढोल-ताशा पथकांतही प्लास्टिकचं पान आलं. भर पावसात मिरवणुकीत वाजवायचं तर ते हवंच, आणि त्याबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही. त्या वाद्यांत महत्त्व आघाताला आणि लयीला आहे.

तबल्याचं तसं नाही. तबल्यात शाई, लव आणि चाट या तिन्ही जागा वेगळ्या बोलतात, आणि तो नाद शाई कातड्याशी एकजीव होण्यातून येतो. डग्ग्यावर मनगट घासत घुमारा काढताना हाताला कातड्याची पकड लागते. गुळगुळीत पडद्यावर हात नुसता घसरतो. सिंथेटिक पुडीचे तबले आता मिळतात, मी ते वाजवूनही बघितलेत. सूर धरतात, टिकतात, उघड्यावरच्या कार्यक्रमाला किंवा परदेशी लांबच्या दौऱ्यावर कुणी नेले तर मी समजू शकतो. पण अभंगात जेव्हा सगळे थांबतात आणि तुमचा एकच ‘तिं’ गायकाच्या षड्जात मिसळून विरायला हवा, तेव्हा तिथे आस कमी पडते आणि ते कानाला लगेच कळतं. तुम्ही शिकताय, हात घडतोय. या वयात कानाला आणि बोटांना चांगल्या कातड्याची सवय लागणं जास्त मोलाचं आहे. त्या पैशात दुसरा चांगला तबला घ्या.

घरी ठेवण्याबद्दल थोडंच. भिंतीच्या कपाटात तळाला ठेवू नका, मुंबईच्या जुन्या इमारतींत तिथे ओल असतेच. कपाटात वरच्या कप्प्यात, शक्य असेल तर कमी वॅटचा जुना पिवळा बल्ब अंतरावर लावून ठेवा; एलईडी बल्बला पुरेशी ऊब नसते. उन्हात वाळवू नका. वाजवून झाल्यावर पुडी कोरड्या कापडाने पुसा आणि पावडर बेताने वापरा. पावसाळ्यात घाम आणि पावडर मिळून चाटेखाली लगदा बसतो आणि ‘ना’ मुका होतो. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं लावू नका. सर्वांत चांगला उपाय म्हणजे रोज वाजवणं. रोज हाताखाली असलेली पुडी कोपऱ्यात पडून राहिलेल्या पुडीपेक्षा हवेला कमी बिचकते, हे माझं निरीक्षण आहे.

पुडी बदलायची वेळ खरंच आली असेल, म्हणजे शाईचे कण सुटताहेत, चाट फाटायला आलीय, किंवा कितीही मिळवली तरी आस येत नाही, तर दसऱ्यानंतर बदला. कोरड्या हवेत मढवलेली पुडी नीट ताणून बसते. भर पावसात मढवलेली पुडी ओलसर असतानाच ताणली जाते आणि नोव्हेंबरमध्ये कोरड पडली की गजरा वर-खाली होऊन घरं बिघडतात. चांगले कारागीर स्वतःच हे सांगतात. फारच अडलं तर त्यांच्याकडे आधीपासून तयार असलेली, उन्हाळ्यात केलेली पुडी आहे का ते विचारा.

तुमचा पुढचा कार्यक्रम गणपतीत मंडपात आहे असं लिहिलंय. तिथे एसी नाही, त्यामुळे चढण्याची भीती फारशी नाही, फक्त जवळच्या हॅलोजनपासून लांब बसा. पण रात्र वाढेल आणि पावसाची सर येऊन जाईल तसा तबला उतरत राहील. म्हणून तिथे गठ्ठे थोडे वर, म्हणजे ताण वाढवायला वाव ठेवून सुरुवात करा, आणि दर दोन-तीन गाण्यांनी एक फेरी मारत चला. त्याआधी एक काम करा. तबल्याच्या तोंडाची रुंदी मोजा आणि गठ्ठे मधोमध आणून घरं सारखी करून तो कुठल्या पट्टीत सुखाने वाजतो ते पेटीवर बघा. हे दोन आकडे इथे लिहा, मग दुसरा तबला कुठल्या तोंडाचा घ्यावा हे मला नेमकं सांगता येईल.